उज्वला मॅडमपुढं मी जे बोलले

मखमलाबाद, नाशिक
सोमवार, २ डिसेंबर २०२४

सायले,

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले. मी तिसरी पास. जोडाक्षरं चुकतील. हसायचं तर हस, पण वाच. तुझ्या बापाकडून लिहून घेतलं असतं तर त्यानं दोन ओळीत गुंडाळलं असतं, आणि तुझ्या आईला सांगितलं असतं तर तिनं तिचंच काहीतरी मध्ये घातलं असतं.

तू अशी तडकाफडकी उठून चांदवडला प्रतिभा मावशीकडे जाऊन बसलीस. गल्लीत बाया विचारतात. मी सांगते, मावशीचे गुडघे धरलेत, हाताखाली कुणी पाहिजे म्हणून गेली. प्रतिभाला सांगून ठेव, कुणी भेटलं तर जरा लंगडून दाखव.

आता मुद्द्याचं. मी काय एवढं वाईट बोलले, ते एकदा सांग.

मला कळलंय तेवढं असं. तुला त्या आयर्लंडला डॉक्टरकी शिकायला जायचंय. इथली परीक्षा दोनदा दिलीस, दोन्हीदा थोडक्यात हुकलीस, म्हणून हा लांबचा रस्ता. तिथले लोक मार्कांवर भागवत नाहीत. ज्यांच्या हाताखाली संशोधनाचं काम केलं अशा दोघांची पत्रं मागतात. पोरगी कशी आहे, कामाला कशी आहे, हे त्यांनी परस्पर कळवायचं. शेखर सरांचं पत्र गेलं. उज्वला मॅडमचं राहिलंय. ते दहा जानेवारीच्या आत गेलं नाही तर सगळं फुकट. हे तुझी आई रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर मला ऐकवते.

त्या दिवशी तू मॅडमच्या रक्त तपासायच्या कामाला कळवणकडच्या पाड्यांवर गेलेली होतीस. मी ओट्यावर गुलाबाच्या जुड्या बांधत होते. दारात गाडी थांबली आणि सुती साडीतली बाई उतरली. म्हणाली, "आजी, मी उज्वला. सायली माझ्याकडे काम करते. इकडून चालले होते, म्हटलं तिचं घर बघून जावं. मला तिच्याबद्दल पत्र लिहायचंय ना."

मी चहा टाकला. ती म्हणाली, "फार गुणी आहे हो तुमची नात. दोन वर्षांत एक दिवस खाडा नाही."

आता तूच सांग, परकी बाई भर दुपारी दारात बसून आपल्या पोरीचं कौतुक करायला लागली तर घरच्या म्हाताऱ्या माणसानं काय म्हणायचं? 'हो हो, फार गुणी' म्हणायचं? मग दुसऱ्या दिवशी पोर अंथरुणाला खिळते. आपल्यात लेकरांना दगडू, धोंडू म्हणतात ते काय हौस म्हणून? तुझा बाप धट्टाकट्टा होता, त्याला मी पाच वर्षं चारचौघांत 'मरतुकडं' म्हणत होते. म्हणून तर तो जगला.

मी म्हटलं, "कशाची गुणी बाई! डोक्यात नुसता भुसा. दोनदा नापास झालीय."

दुसरी कुणी असती तर हसली असती, तिथंच संपलं असतं. ही हसली नाही. म्हणाली, "म्हणजे?" आता 'म्हणजे' विचारल्यावर माणूस पुढं काहीतरी बोलणारच. मी म्हटलं, "कुठं एवढी डोंगरात फिरते ती! निम्मे कागद तर इथंच ओट्यावर बसून भरते."

एवढंच. ह्यात खोटं काय? बसत नव्हतीस का तू ओट्यावर मांडी घालून, मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन?

बाईनं चहा अर्धा ठेवला आणि उठली. त्यावरून तिनं तुला कामावरून थांबवलं, पत्र अडकवलं, ह्यात माझा दोष कुठं ते उलट टपाली कळव.

तुझी आजी


सोमवार, ९ डिसेंबर

सायले,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. "माझ्या पेन्सिलच्या वह्या कुठे आहेत?" वर 'आजी' नाही, खाली नाव नाही. पोस्टमननं पण वाचलं असणार. मला देताना माझ्या तोंडाकडे बघत होता.

वह्या मला माहीत नाहीत. दिवाळीला घर काढलं तेव्हा इकडचं तिकडं झालं असेल. आईला विचार.

तू निघून गेलीस तेव्हा मला वाटलं होतं, चार दिवसांनी राग उतरेल. आपण काय कमी भांडलोय? पण परवा तुझ्या आईनं मला मेथी निवडता निवडता धरलं.

म्हणाली, "आत्याबाई, मार्केटात एखादा वरून ताजा आणि खाली सडका माल लावतो, त्याला तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटलं, "चोर म्हणते. आणखी काय म्हणणार?"

"आणि त्याचा माल पुन्हा कुणी घेतं?"

"कोण घेईल? त्याच्या पोराचा पण घेत नाहीत."

"तेच तुम्ही सायलीला म्हणालात. तिच्या मॅडमपुढं. त्यांच्या कामात कागद घरी बसून भरणं म्हणजे मनानं आकडे टाकणं. लोकांच्या रक्ताचे आकडे. त्याच्याहून मोठी चोरी त्यांच्यात नाही."

ती एवढं सबंध बोलते हेच मला माहीत नव्हतं. मी मेथीच्या काड्याच टोपलीत टाकत राहिले आणि पानं खाली.

मला वाटलं होतं, 'घरी बसून भरते' म्हणजे लोक समजतील आळशी आहे. आळशी म्हटलेलं कुणाला लागत नाही. गल्लीतल्या सगळ्या सुना आळशी आहेत.

आणखी एक लिहायचंय. मॅडमनं तुला बोलावून विचारलं त्या दिवशी तू घरी आलीस, दप्तर न काढता माझ्यासमोर उभी राहिलीस. म्हणालीस, "आजी, तू मॅडमना काय सांगितलंस?" मी म्हटलं, "मी? मी कशाला काय सांगू? चहा पाजला आणि पाठवलं." तू माझ्याकडे बघत राहिलीस. तुला तेव्हाच कळलं होतं. तरी तू तीनदा विचारलंस, आणि मी तीनदा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तर मी देवाची शपथ घेतली.

त्यानंतर तू पिशवी भरलीस.

वह्यांचं मात्र मला खरंच माहीत नाही.

आजी


शुक्रवार, १३ डिसेंबर

सायले,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी आहे.

वह्या मी फाडल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. गुलाबाच्या कळ्या मोकळ्या धाडल्या की बाजारात पोचेपर्यंत पाकळ्या झडतात, म्हणून प्रत्येक जुडीला कागद गुंडाळायचा, हे तुला सांगायला नको. रद्दी संपली होती, टेम्पोवाला दारात भोंगा वाजवत होता. माळ्यावर तुझ्या खोक्यात पेन्सिलनं गिचमीड केलेल्या वह्या होत्या. मी म्हटलं, पक्कं लिहून झाल्यावर कच्च्याचं काय काम? तीन वह्या सबंध गेल्या. चौथी निम्मी झाली तेवढ्यात जुड्या संपल्या.

तुझं कार्ड आलं त्या दिवशी ती निम्मी वही फुलांच्या तागडीखाली सापडली. तरी मी तुला 'माहीत नाही' लिहिलं. ती वही शेजारी ठेवून लिहिलं.

काल ती पिशवीत घातली आणि मॅडमच्या ऑफिसात गेले. बाहेरच्या बाकावर तासभर बसवलं. आत गेल्यावर ती म्हणाली, "बसा आजी."

मी म्हटलं, "उभीच बरी. मी तुमच्यापाशी वाकडं बोलले. ती कागद ओट्यावर भरते, पण मनानं नाही भरत. पावसाळ्यात डोंगरात तुमचे कागद भिजायचे, शाई फुटायची. म्हणून ती तिथं पेन्सिलनं वहीत उतरवायची आणि घरी येऊन पक्कं करायची. चूक व्हायला नको म्हणून एकेक आकडा मोठ्यानं वाचायची. माझं डोकं उठायचं."

"मग त्या दिवशी एवढंच का नाही सांगितलंत?"

"आमच्यात आपल्या लेकराला चांगलं म्हणत नाहीत. दृष्ट लागते."

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आजी, माझी आजी मला काळी म्हैस म्हणायची. मला ते कळतं. तुम्ही नुसती वेडी, धांदरट म्हणाला असतात तर मी हसून सोडून दिलं असतं. दोनदा नापास म्हणालात, तेही सोडलं होतं. पण दृष्टीसाठी बोलणारं माणूस उगाच काहीतरी बोलतं. तुम्ही नेमकं बोललात."

सायले, मी आडतीवर चाळीस वर्षं भांडलेय. मला कुणी गप्प केलेलं नाही. तिथं मी तिच्या टेबलावरचा कागददाब बघत राहिले.

मग मी वही काढून दिली. तिनं विचारलं, "बाकीच्या?"

"फुलबाजारात गेल्या."

तिनं दोन्ही हात डोक्याला लावले. "आजी, त्यात लोकांचे रिपोर्ट होते! कुणाचं रक्त कसं, ते गावभर झालं असतं. नावं होती त्यात?"

मी म्हटलं, "नावं नाहीत. नुसते घरांचे नंबर."

तिनं झटकन वही उघडली. पानं उलटत गेली. स्वतःशीच म्हणाली, "एकसुद्धा नाव नाही लिहिलंय." तिच्या कपाळावरची आठी मी बघत होते, ती जरा सैल झाली. मग पुन्हा आवळली.

"पण ही वही काल घरी बसून लिहिलेली नाही हे मी कशावरून मानू?"

मी म्हटलं, "मी तिसरी पास आहे बाई. मला एवढं खोटं लिहायला येत नाही. तोंडानं येतं तेवढंच."

हसू तिच्या ओठापर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं. म्हणाली, "मला पाड्यावर जाऊन बघावं लागेल. वहीतली घरं आणि रजिस्टरमधली घरं, दारोदार. ते झाल्याशिवाय मी पत्रावर सही करणार नाही. सायलीसाठी म्हणून नाही, कुणासाठीच करत नाही."

मी म्हटलं, "मी पण येते."

"तुम्ही काय करणार तिथं?"

"जे निघेल ते उभी राहून ऐकीन."

बुधवारी जायचं ठरलंय. तुला हे सांगू नको म्हणालीय. मी सांगितलं.

आजी


गुरुवार, १९ डिसेंबर

सायले,

काल जाऊन आले. आज पायांना तेल लावून बसलेय, तरी हात चालतो म्हणून लिहिते.

कळवण सोडल्यावर गाडी एका ओहोळापर्यंत गेली. पुढं चालत. तू मला सांगायचीस, "आजी, पाडा जवळच आहे." तुझं जवळ मला काल कळलं. दोनदा बसले. मॅडम म्हणाली, "परत जाऊ या का?" मी म्हटलं, "तुम्ही जा परत. मी पोरीला कुठं फिरते म्हणाले, तर कुठं फिरते ते बघू द्या."

मॅडमच्या हातात तुझं रजिस्टर, माझ्या हातात ती निम्मी वही. ती नंबर वाचायची आणि मी वहीत बोट ठेवायचे. घर बारा, सात माणसं, सातही तपासली. दारातल्या बाईनं सात कार्डं आणून दाखवली, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देवाच्या फोटोमागं ठेवलेली. त्यातलं एक तिच्या धाकट्याचं. म्हणाली, "ताईनं सांगितलं याचं रगत इळ्यावाणी वाकडं होतं. अंग दुखायला लागलं का लगेच दवाखान्यात न्यायचा, लय पाणी पाजायचं. आधी आम्ही त्याला कामचुकार म्हनून मारायचो." मॅडम म्हणाली, ह्यालाच सिकलसेल म्हणतात, त्याचीच ही तपासणी. मग त्या बाईनं मला विचारलं, "ताई का नाय आली?"

मी म्हटलं, "येईल." दुसरं काय सांगू?

घर चौदा, तुझ्या वहीत लिहिलेलं 'कुलूप'. रजिस्टरात 'कुलूप'. आम्ही गेलो तर कुलूप. शेजारचा म्हणाला, द्राक्षाच्या कामाला पिंपळगावकडं गेलेत, पोळ्यापासून घर बंद हाय. घर एकोणीस, कुलूप. तेवीस, कुलूप. मला धाकधूक व्हायला लागली, म्हटलं पोरीनं एवढी कुलपं कशाला लिहिली? माणसं लिहिली असती तर भारी दिसलं असतं.

मग आलं घर सत्तावीस. तुझ्या वहीत होतं, "२७, नकार." दोन पानांनी पुन्हा, "२७, नकार." आणखी पुढं, "२७, नकार, पण पाणी दिलं." मॅडमनं रजिस्टर उघडलं. तिथं शाईनं तेच. पाण्यासकट.

दारात एक म्हातारी नागली पाखडत होती. माझ्याएवढीच असेल, तोंड माझ्याहून वाईट. नाव बायडाबाई. मॅडमनं विचारलं, "आजी, इथं रक्त तपासायला एक मुलगी आली होती का?"

"ती कुरळ्या केसांची ना? तीनदा आली. तीनदा हाकलली मी."

"का हो?"

"माझं रगत माझ्या अंगात बरं हाय. तिला कशाला देऊ? पहिल्यांदा आली, कुत्रं सोडलं. दुसऱ्यांदा आली, तर त्या कुत्र्याला बिस्कुट घेऊन आली, बया! तिसऱ्यांदा म्हटलं, पोरी, तुझ्या घरात म्हातारं माणूस हाय का नाय? तुला कुनी असं हाकलून दिलं तर त्याला कसं वाटंल? तर म्हनली, हाय, आजी हाय, ती बी तुमच्यावानीच हाय, तिच्यामुळं मला तुमचं काय वाटत नाय."

मॅडम हसली. मी हसले नाही.

"मंग म्हटलं, पानी पी आन् जा. रगत नाय दिलं मी, हां. अजून बी नाय देनार." मग माझ्याकडे वळली. "आन् तू कोन?"

"मी तीच. आजी."

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. सूप खाली ठेवलं. "मंग तू कशाला आलीस तपासायला? पोरीवर भरवसा नाय तुझा?"

मला पाणी मागायचं होतं. मागवेना.

परत येताना ओहोळापाशी मॅडम दगडावर बसली. म्हणाली, "आजी, घरी बसून कागद भरणारं माणूस सगळी घरं भरतं. त्याला कुलूप लावायचं सुचत नाही. आणि तीन नकार तर मुळीच नाही, कारण नकार लिहिला की आपलंच काम कमी दिसतं. ह्या पाड्यात अठ्ठेचाळीस घरं, त्यातली अकरा बंद आणि सहा नकार. हे मी तेव्हाच नीट वाचायला पाहिजे होतं. तुमचं ऐकलं आणि रजिस्टर मिटून ठेवलं. चूक माझीही आहे."

मी म्हटलं, "तुमची नाही. तुम्ही माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवलात."

मग तिनं तुला फोन लावला. मी लांब जाऊन उभी राहिले, म्हणजे माझा आवाज मध्ये यायला नको.

आजी


मंगळवार, ७ जानेवारी २०२५

सायले,

तू कामावर परत गेलीस, कळवणला खोली घेतलीस, हे आईकडून कळलं. पत्ता तिच्याच डायरीतून घेतलाय. तिला विचारून घेतलाय, चोरून नाही.

मॅडमनं काल तुझं पत्र पाठवलं. त्याआधी मला बोलावलं होतं. ऑफिसात तुझ्यावर चौकशीचा कागद झालेला आहे, तो बंद करायचा तर माझं लेखी पाहिजे. माझ्यासमोर कोरा कागद आणि पेन. बाजूला ऑफिसची दोन माणसं साक्षीला. मी लिहिलं, "मी लंकाबाई, सायलीची आजी. मी तिच्या कामाबद्दल बोलले ते खरं नाही. ती काम इमानानं करते." खाली सही. त्या दोघांनी वाचलं, त्यातला एक माझ्या नातवाच्या वयाचा. त्यानं मला पाणी आणून दिलं, फार आदरानं. त्यापेक्षा त्यानं माझं तोंड फोडलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी मॅडमला विचारलं, "तुम्ही काय लिहिलंत तिच्याबद्दल?"

"ते गुप्त असतं आजी. तिलासुद्धा दाखवत नाही."

"भारी लिहिलंत का, एवढं तरी सांगा."

"जे बघितलं ते लिहिलं. बायडाबाईंसकट."

निघताना मी जिन्यात थांबले. पुन्हा वर गेले. तिला म्हटलं, "तुम्ही नेमकं म्हणालात ना त्या दिवशी. बरोबर म्हणालात." ती म्हणाली, "ते मला नका सांगू."

म्हणून तुला सांगते.

मॅडम येण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तू माझ्याजवळ बसून शेंगा फोडत होतीस. मी विचारलं, ही चिठ्ठी चिठ्ठी काय चाललंय? तू मला सगळं समजावून सांगितलंस. नीट, हळू, जसं पाड्यावरच्या लोकांना सांगत असशील तसं. शेवटी म्हणालीस, "आजी, मॅडमनी मनापासून लिहिलं ना, तर मी गेलेच समज."

तर मला सगळं माहीत होतं. ती बाई कोण, कशाला आली, काय लिहिणार. डोक्यात भुसा म्हटल्यावर तिच्या तोंडावर काही हललं नाही. नापास म्हटल्यावर नाही. 'कागद घरी भरते' म्हटलं तेव्हा हललं. मी ते बघितलं. बाजारात गिऱ्हाईकाचं तोंड वाचत जन्म गेलाय माझा. तिथं थांबता आलं असतं. पेन्सिलच्या वह्यांचं एक वाक्य जिभेवर होतं. मी ते गिळलं आणि तिला आणखी साखर पाहिजे का विचारलं.

दृष्टीचं मी नंतर शोधून काढलं. आधी स्वतःला सांगितलं, मग तुला लिहिलं.

कशासाठी केलं ते पण लिहिते, नाहीतर तुला वाटेल म्हातारीला पोरींनी शिकलेलं बघवत नाही. तसं नाही. ह्या घरात तुझा बाप बोलत नाही. तुझी आई मला 'हो आत्याबाई' म्हणते आणि आत जाते. माझ्याशी तोंडाला तोंड देऊन भांडणारं तू एकटं माणूस. तू कळवणला दोन दिवस राहायचीस तर दोन दिवस मी भिंतीशी बोलायचे. आयर्लंडला तू पाच वर्षं जाणार.

एवढ्यासाठी मी तुला चोर केलं.

ह्याला माफ कर म्हणायची माझी पद्धत नाही, आणि तुझं पण ते काम नाही. कळवलं.

आजी


सोमवार, २४ मार्च

सायले,

तुला तिथं घेतलं, आणि शिष्यवृत्ती पण दिली, हे काल तुझ्या बापानं सांगितलं. तो बोलला, म्हणजे बघ. अंगणात उभा राहून दोन वाक्यं बोलला आणि मग पंप सुरू करायला गेला.

तुझ्या आईनं पेढे वाटले. बाया मला येऊन सांगतात, "आजीचं पुण्य हो!" एकीनं तर पाया पडून घेतलं. मी पाय मागं घेतले तर म्हणते, आजी किती साध्या. मी घरात गेले आणि दार लावलं. पेढा अजून फडताळात तसाच आहे. मुंग्या लागल्यात.

आई म्हणाली, रविवारी पाडव्याला तू घरी येणार होतीस. कपडे आणि कागदपत्रं न्यायची आहेत. पण फोनवर तिला म्हणालीस, "आजी असेल तर मी आधी नुसते कागद घेऊन उभ्या उभ्या जाईन." ती मला हे सांगणार नव्हती. मी तिच्याकडून काढून घेतलं, तिला रागावू नको.

उभ्या उभ्या जायचं काही कारण नाही. शनिवारच्या सकाळच्या एसटीनं मी नामपूरला नवसाबाईकडे जातेय. सणाला घर सोडून कुठं निघालात म्हणून बाया विचारतील. मी सांगेन, बहिणीकडं कांदा काढायला आलाय, देखरेखीला माणूस नाही. मार्चात कुणाला खोटं वाटणार नाही. खरं सांगायचं तर तिच्याकडं कांद्याला चार गडी आहेत आणि तिला माझं तोंड आवडत नाही.

गुढी तुझ्या आईच्या हातानं उभी राहू दे. तिला कधी मिळालेली नाही. पुरणपोळी तिची माझ्याहून चांगली होते, हे मी तिला सांगितलेलं नाही, तू सांग. दुपारी जेवून आडवी हो. मधल्या खोलीत पंखा नवा बसवलाय.

तुझी दहावी-बारावीची सर्टिफिकिटं आणि जन्माचा दाखला कपाटाच्या खालच्या खणात, माझ्या लुगड्यांखाली आहेत. सगळी बघितली, एकही कागद इकडचा तिकडं झालेला नाही. तरी तू मोजून घे. खण उजवीकडून ओढ, डावीकडं अडकतो.

मी सोमवारी संध्याकाळी परत येणार आहे. तोवर तुझं आवरलं नाही तर आईला नवसाबाईच्या फोनवर नुसतं 'नको' म्हणायला सांग. मी मंगळवारी येईन. नाहीतर बुधवारी.

लंकाबाई